मुकादमकाकांचं बोट

"गेली! तिसरी टाकीपण गेली!" भोंगा बोंबलतच घरात शिरला.

ताई आणि मुंगी धावल्या. काल काचेच्या मण्यांसारखी तरंगणारी अंडी आज पांढरीफटक होऊन टाकीच्या तळाशी पडली होती. लाखभर इवलाले जीव! मुंगीला रडूच फुटलं.

तिघं भावंडं सुट्टीत मावशीच्या मत्स्यबीज केंद्रावर आली होती. समुद्रातल्या माशांची अंडी इथे उबवत. आधी पहिली टाकी गेली, मग दुसरी, आज तिसरी. उरली फक्त चौथी!

"ही गेली की केंद्राला कुलूप," मावशी डोळे पुसत म्हणाली. "मासे आता वर्षभर अंडी देणार नाहीत. जंतू आहेत, हे नक्की. पण पाणी गाळलेलं, प्रत्येक टाकीची जाळी वेगळी. मग शिरतात कुठून?"

"एक, दोन, तीन, अगदी ओळीने!" ताई पुटपुटली. "कुणीतरी नेतंय त्या जंतूंना."

तेवढ्यात टाक्यांची देखरेख करणारे मुकादमकाका फेरीला आले. तिसऱ्या टाकीत बोट बुडवून त्यांनी जिभेला लावलं. "मीठ बरोब्बर! मीठ मोजायचं यंत्र हवंय कुणाला? वीस वर्षांत ही जीभ चुकली नाही!"

आणि तेच ओलं बोट घेऊन निघाले की चौथ्या टाकीकडे! तिघांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

मुंगीने झटकन चौथ्या टाकीतून अंड्यांच्या दोन बरण्या भरल्या.

"काका, आधी या बरणीतलं मीठ सांगा. पैज!" ताई आडवी आली.

काकांनी एका बरणीत बोट बुडवलं. "बरोब्बर!"

"जिंकलात! हे घ्या बक्षीस," म्हणत भोंग्याने दोन लवंगा पुढे केल्या. काकांनी त्या कचाकचा चावल्या आणि जीभ बधिर!

"अरेच्चा, चवच लागेना!" काका कुरकुरत यंत्र शोधायला गेले. मिळालं, तेव्हा ताईने ते आधी स्वच्छ धुतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट न लागलेल्या बरणीत सुईच्या टोकाएवढी पिल्लं वळवळत होती. बोट बुडवलेल्या बरणीत नुसता पांढरा गाळ!

"माझ्या... या बोटाने?" काकांनी हात जोडले. "बाई, माफ करा मला!"

मावशीही हादरली होती. "काका, मी रोज डोळ्यांनी बघत होते. मला तरी कुठे कळलं? तुम्ही हात जोडू नका, धुवा!"

चौथ्या टाकीत हजारो पिल्लं लवलवत होती. मावशीने तिन्ही पोरांना घट्ट कवेत घेतलं. "देवानेच धाडलं रे तुम्हाला! केंद्र वाचवलंत माझं."

काका कोपरापर्यंत फेस करून आले. "मुंगीबाई, आता शिरू का आत?"

मुंगीने दहाही बोटं निरखून पाहिली. "नखं राहिली, काका. परत!"