बाईंची प्रत

मोठा दिवा मालवा, डोळ्यांवर येतो. टेबलावरचा पुरे. आणि तू त्या कपाटाला टेकून बसू नकोस, इकडे सरक. का, ते शेवटी सांगतो.

माझा मेहुणा तुम्हाला माहीत आहे. तुमच्या काकूचा धाकटा भाऊ, कवळ्या बनवतो तो. कुठे गाणं लागलं की हा उठून बाहेर जातो म्हणून तुम्ही त्याला हसता. हसा. पण आधी हे ऐका.

गेल्या वर्षी मार्चमधला दुसरा मंगळवार. अमावास्या वगैरे काही नव्हती, रात्र साधी होती. त्याआधीच्या रविवारी मेहुण्याचा फोन आला, की दाजी, गाडी घेऊन या, स्कूटरवर मावणार नाही. काय मावणार नाही, हे विचारायची गरज नव्हती. रेकॉर्ड्सच असणार.

डिस्को, बूगी, इलेक्ट्रो फंक असे कप्पे तो पाडायचा. मला विचाराल तर सगळं एकच. धप धप धप, आणि मध्येच कुणीतरी लोखंडी पाइपात तोंड घालून बोलल्यासारखं. त्यातही प्रसिद्ध काही नकोच. चाळीस वर्षांपूर्वी एखाद्या बँडने पदरमोड करून शंभरेक प्रती काढल्या, त्या खपल्या नाहीत, बँड फुटला, असलं काही हाती लागलं की स्वारी खूश. या मंडळींत एक रीत आहे. दुर्मीळ रेकॉर्ड चारचौघांत वाजवायची वेळ आली की मधल्या लेबलवर कोरा पांढरा कागद चिकटवायचा. ऐका हवं तेवढं, पण नाव वाचू नका. मेहुण्याच्या निम्म्या रेकॉर्ड्स अशा पांढऱ्या कपाळाच्या.

त्याचा जोडीदार पेंटर अगदी उलटा. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. छापील फलक आले आणि काम गेलं, पण अक्षर असं, की नुसतं बघत राहावं. कुठे पांढरा कागद दिसला की हा नखाने सोलायचा. रेकॉर्ड मिळाली की धुवायची, संगणकावर उतरवायची, वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांची नावं शोधायची आणि सगळ्या जगासाठी फुकट टाकायची. उतरवण्याआधी सुईच्या डोक्यावर नखाने दोनदा वाजवून बघायचा, दोन्ही स्पीकर बोलतात ना म्हणून. टक, टक. ते तो कधी कापायचा नाही. कुठकुठल्या देशांतले लोक त्याला त्यावरून ओळखायचे. मेहुणा म्हणायचा, या गाढवाला दुर्मीळ म्हणजे काय तेच कळत नाही.

तो पेंटर जानेवारीत गेला. सारा जन्म शिडीवर काढला आणि गेला झोपेत.

त्याच्या बायकोने खोकी बांधून ठेवली होती. आम्ही ती गाडीत भरली. मग वहिनींनी आतून एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आणल्या. त्या पेंटरच्या हाती आल्या आणि उतरवायच्या आधीच तो गेला. एकीच्या पाकिटावर लाल रंगात, ब्रशने लिहिलेलं : बाईंची.

त्या बाई गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात होत्या. एकोणीस वर्षांच्या असताना या रेकॉर्डवरच्या बँडबरोबर एकदाच गायल्या. रेकॉर्ड निघायच्या आत लग्न झालं आणि सासरी गाण्याचा विषय बंद. आपला आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. पेंटरने त्यांना हुडकून काढलं आणि शब्द दिला होता, की प्रत मिळाली की आणून देतो.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ही बाईंना पोचवा. दुसरी तुम्हाला. पण यांच्यासारखी सगळ्यांना ऐकवा. यांचा जीव तेवढ्यातच अडकला होता."

"उद्याच जातो," मेहुणा म्हणाला.

परतीच्या वाटेवर दोन्ही त्याने मांडीवर धरल्या होत्या. मी थट्टेने म्हटलं, एवढं तर स्वतःच्या पोरालाही धरलं नव्हतंस. तो हसला नाही.

"दाजी, जगात आता या दोनच उरल्यात."

"मग नशीबच की."

"दोन म्हणजे एक जास्त झाली," तो म्हणाला.

मला वाटलं, विनोद आहे.

सोमवारी त्याने बाईंची प्रत कामाच्या मेजाच्या कडेवर ठेवली आणि मोडेपर्यंत दाबली. तुकडे प्लॅस्टरच्या बादलीत टाकले, मोडक्या साच्यांबरोबर. पाकीट मेण वितळवायच्या बत्तीवर जाळलं. उरलेल्या प्रतीच्या लेबलवर कोरा कागद चिकटवला. हे त्यानेच मला नंतर सांगितलं. म्हणाला, म्हातारीकडे प्लेयर तरी कुठे होता? आणि तिला काय, कुठलंही गाणं लावलं तरी चाललं असतं.

मंगळवारी रात्री घरात तो एकटा. बायको-मुलं आमच्याकडे होती. बाहेरची खोली गाण्याची, आतली कामाची, मध्ये नुसता पडदा. साडेअकराला त्याने प्लेयर सुरू केला, रेकॉर्ड ठेवली. सुई अजून वर होती. त्याच्याच हातात.

टक... टक.

स्पीकरमधून.

त्याला वाटलं, आपलंच नख लागलं. त्याने सुई टेकवली. ढोल आले, बेस आला. झकास, स्वच्छ. हा डोळे मिटून वाट बघत बसला. आता बाई गाणार.

गायल्या नाहीत.

बाजा चालूच. शब्दांच्या जागा मोकळ्या. त्याने सुई उचलून मागे नेली. पुन्हा तेच. स्पीकरच्या तारा काढून लावल्या. तेच. कुणीतरी मधला आवाज अलगद काढून घेतल्यासारखा.

मग त्याला ऐकू आला...

आतून. कामाच्या खोलीतून. कोवळा, पोरगेलेसा आवाज. बाजा इथे, आणि गाणं तिथे. दोन्ही एका तालात.

त्याने प्लेयर बंद केला. बाजा थांबला.

गाणं थांबलं नाही.

पडदा सारला. फळीवर कवळ्या ओळीने मांडलेल्या, बत्ती विझलेली. आवाज खालून येत होता. बादलीतून. तो वाकला. वरचे साचे बाजूला केले. काळे तुकडे दिसले...

गाणं तुटलं.

मध्येच. शब्दाच्या मध्ये.

आणि रंगाचा वास आला. ऑइलपेंटचा, ओला. त्या घरात रंगाचा डबा नव्हता.

मागून, अगदी कानाजवळ...

टक.

तो थांबला. दुसऱ्या टकची वाट बघत. मान वळवायची हिंमत नव्हती. किती वेळ गेला, त्यालाच ठाऊक नाही.

दुसरा झालाच नाही.

अनवाणी आला तो माझ्याकडे. प्लॅस्टरने माखलेले हात. सगळं सांगितलं. मी चिडलो, बोलू नये ते बोललो. सकाळी त्याच्या घरी जाऊन ती रेकॉर्ड मी स्वतः लावली. बाजा आहे, बाई नाहीत. माझे कान अजून शाबूत आहेत.

तो म्हणाला, बाईंकडे जाऊ. कदाचित तिथे वाजेल. ऐकून मला हसू आलं नाही. छोटा प्लेयर घेतला आणि गेलो.

बाई तयारच होत्या. केस विंचरलेले, घडीचं पातळ. वहिनींनी कळवलं होतं ना, कोणीतरी आणून देईल म्हणून. त्या रोज अशा बसत. मेहुण्याने सुई टेकवली. बाजा सुरू झाला तशी त्यांनी मान डोलावली, बोटाने ताल धरला. गाण्याची जागा आली तेव्हा ओठ उघडले...

जागा निघून गेली.

त्यांनी पूर्ण ऐकलं. शेवटपर्यंत. बोट कधी थांबलं, ते मी बघितलं.

"वाजवलंय तेच," त्या म्हणाल्या. "म्हणजे मला काढून टाकलं होतं त्यांनी. असेल. इतकं काही चांगलं गात नसेन मी." मग म्हणाल्या, "इथे सगळ्यांना सांगून बसले होते, की मी गायलेय."

मी मेहुण्याकडे बघितलं. एक वाक्य बोलायचं होतं त्याने. त्याची मान खाली. मी तोंड उघडलं तर त्याने माझा हात घट्ट धरला. "तुम्ही एवढ्या लांब आलात," असं म्हणून बाईंनी आमच्यासाठी चहा सांगितला.

तो चहा आम्ही प्यायलो. बाई पावसाळ्यात गेल्या.

पुढे मेहुण्याने ती रेकॉर्ड सगळ्यांसाठी टाकली. उशिरा सुचलेलं शहाणपण. लांबलांबचे लोक अजून लिहितात, वाजवलंय सुरेख, पण गाणारी कुठे आहे?

वृद्धाश्रमातून परत येताना गाडी मेहुणा चालवत होता, रेकॉर्ड माझ्या मांडीवर होती. गाडीत मला रंगाचा वास आला. पाकिटातून काढली. लेबलवरच्या त्याच्या कोऱ्या कागदावर लाल अक्षरं होती, ब्रशची, पाटीवर काढावीत तशी वळणदार. बाईंची. माझा अंगठा लाल झाला.

उतरवून झाल्यावर मेहुणा ती घरात ठेवेना. म्हणून इथे आहे, या कपाटात. वर्ष होऊन गेलं. दोन उन्हाळे तिने या बंद कपाटात काढले.

रंग अजून ओला आहे.