टेपवरचा मासा

दुकान बंद व्हायची घंटा झाली, तरी तो टाइप करतच होता.

लोकरी टोपीवरचा बर्फ कधीच वितळून मान भिजली होती, पण त्याला त्याचा पत्ता नव्हता. व्हिक्टोरिया अव्हेन्यूवरच्या त्या मोठ्या दुकानात, खेळण्यांच्या विभागात, मी शाळा सुटल्यावर काम करायचे. गिऱ्हाइकांना हाताळून बघता यावीत म्हणून कोपऱ्यातल्या टेबलावर दोन यंत्रं मांडली होती. एक तयार व्हिडिओ खेळांची अटारी, तिच्याभोवती सदा पोरांची झुंबड. शेजारी एक रुपेरी होम कॉम्प्युटर, त्याच्याकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नसे. तो चालू केला की पडद्यावर नुसता एक चौकोन लुकलुकायचा... पुढे काय करायचं ते आपलं आपणच ठरवायचं.

“बंद करतेय हं,” मी म्हटलं.

“दोनच ओळी—”

पण साहेब बघत होते. मी बटन दाबलं. पडदा काळा झाला. त्याने एक लांब श्वास सोडला आणि मला समजावून सांगितलं, की वीज गेली की हे यंत्र सगळं विसरतं. दुपारपासून लिहिलेलं सगळं गेलं. आज हातातला फोन काही म्हणता काही विसरत नाही, त्यामुळे हे खरं वाटायचं नाही. पण त्र्याऐंशी सालच्या त्या हिवाळ्यात कॅनडातल्या थंडर बेमध्ये असंच होतं. मला फार वाईट वाटलं.

आणि तो हसला. डोळे अगदी बारीक करून.

“उद्या परत लिहीन. तू असशील ना उद्या?”

दुसऱ्या दिवशी तो आला. मग रोजच येऊ लागला. टाउनो लेहतिनेन त्याचं नाव. तो एक खेळ लिहीत होता. गोठलेल्या तळ्यात पाडलेलं एक भोक, त्यातून सोडलेला गळ आणि खालून फिरणारी माशाची सावली. संध्याकाळी मी सगळं पुसून टाकायचे, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचा. त्याच्या बोटांकडे बघत मी बाहुल्यांची खोकी उगाचच सरळ करत राहायचे.

“रोज पुसतेस ते बरंच आहे,” तो एकदा म्हणाला. “रोज थोडी सुधारणा होते.”

“खेळात?”

“माझ्यातही.”

कधी खेळ लवकर झाला की तो मला खुर्चीवर बसवायचा. सावली भोकाखाली आली की कळ दाबायची. त्याचा स्वेटर माझ्या खांद्याला ओझरता लागायचा, आणि मासा हमखास निसटायचा.

“फार घाई करतेस.”

“तूच फार सावकाश आहेस,” मी पडद्याकडे बघत म्हटलं. बऱ्याच वेळाने वळून पाहिलं, तर त्याचे कान लाल झाले होते.

पण आमचे साहेब, मिस्टर पेल्तिए, यांच्या ते डोळ्यांवर आलं. टेबल गिऱ्हाइकांसाठी आहे, शनिवारपासून इथे दिसू नकोस, असं त्यांनी त्याला सांगितलं. टाउनो वाद न घालता ‘बरं’ म्हणाला. मला मात्र रात्रभर तो मासाच दिसत राहिला. त्याच्या घरी कॉम्प्युटर नसणार असं मी धरूनच चालले होते, म्हणजे आता तो कायमचाच जाणार... शुक्रवारी मी पापांचा कॅसेट रेकॉर्डर कोटाखाली लपवून आणला. आत एक कॅसेट होती, ती मी कोरी समजले. टाउनोने खिशातून एक वायर काढून यंत्राला जोडली. कर्कश किंचाळी ऐकू येऊ लागली, आणि तीच टेपवर उतरत होती. खेळ असाच आवाज होऊन साठतो, असं तो म्हणाला.

“टेप तुझ्याकडेच राहू दे.”

“मग तू खेळणार कसा?”

“तुझ्याकडे आहे ना... पुरे.”

रविवारी जेवताना पापांनी नेहमीप्रमाणे टेप लावली. रोक्को काकाने इटलीतल्या कालाब्रियाहून पाठवलेली, गावच्या बँडची. काकाचा क्लॅरिनेट वाजत होता, मम्मा सॉस वाढत होती. आणि ऐन रंगात आल्यावर, ती किंचाळी. मम्माच्या हातातली पळी तशीच राहिली. मी सगळं सांगून टाकलं. पापांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी त्या पोराला जेवायला बोलवायला सांगितलं. कोर्टात हजर व्हायला सांगावं, तसं.

टाउनो आला. भांग पाडून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, आईने केलेला वेलदोड्याचा पाव घेऊन. पापांनी त्याला बसवलं आणि ती किंचाळी अथपासून इतिपर्यंत ऐकवली.

“यात मासा आहे म्हणे?”

“आहे, मिस्टर फेरारो.”

“कुठे?”

“साधारण... मध्यावर.”

मम्माने ओठ चावून हसू दाबलं. पापा हसले नाहीत. ते वीजकाम करणारे; त्यांचं डोकं वायरीत अडकलं होतं.

“वायर दुकानातली होती?”

“नाही. माझी.”

“कॉम्प्युटर नाही, आणि वायर आहे?”

टाउनोने काटा खाली ठेवला. माझ्याकडे एकदाच बघितलं.

“कॉम्प्युटर आहे आमच्याकडे. भावाने नाताळात घेतला. खेळही घरी केव्हाच लिहून झालाय.”

“मग दुकानात रोज नव्याने कशाला लिहीत होतास?”



“घरी लोरेदाना नसते,” तो म्हणाला.

मम्मा पटकन स्वयंपाकघरात निघून गेली. पापांनी पाव कापायला घेतला आणि ते पुटपुटले, की रोक्को अजून ठणठणीत आहे, पुन्हा वाजवेल. आणि मी? मला लाजायला हवं होतं, पण माझं डोकं भणाणून गेलं. तो निघाला, तशी कोट चढवून मीही मागोमाग बस थांब्यापर्यंत गेले. बारीक भुरभुरता बर्फ पडत होता.

“मी रोज तुझ्यासाठी हळहळत होते! बटन दाबताना जिवावर यायचं माझ्या!”

“म्हणूनच सांगवेना,” तो खाली बघत म्हणाला. “इतकं माझ्यासाठी कुणी... चुकलं माझं. खूप रागावलीस?”

“खूप.”

“किती वेळ?”

मी विचार केला. त्याच्या पापण्यांवर बर्फाचे कण अडकले होते. “तुझी बस येईपर्यंत.”

आम्ही दोघंही रस्त्याकडे बघत उभे राहिलो. कोपऱ्यावरून बस वळली, जवळ आली, थांबली. दार उघडलं. माझा हात त्याच्या हातात कधी गेला, मला आजही सांगता येणार नाही. ड्रायव्हर वाट बघत होता. टाउनो माझ्याकडे बघत होता.

“तुम्ही जा,” मी ड्रायव्हरला म्हटलं. “हा पुढच्या बसने येईल.”