खालच्या वर्गाच्या चादरी

कोऱ्या कापडाची खळ काढणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात कटकटीचं काम. नवी चादर इतकी ताठ असते की पाण्यात बुडायलाच तयार नसते. भिजवा, उकळा, चोळा, तेव्हा कुठे ती अंगाखाली घेण्याजोगी होते. बंदरावर मोठी लॉन्ड्री आमची एकच, त्यामुळे कंपनीच्या नव्या जहाजाचं सगळं कापड माझ्याकडे आलं. वरच्या वर्गाच्या चादरींच्या काठाला पांढरा दोरा, खालच्या वर्गाच्या काठाला लाल. एका टाकीत दोन्ही घालायच्या नाहीत, असा कंपनीचा दंडक. कापडाला काय कळतंय वरचं आणि खालचं, पण साहेब लोकांना कळतं ना!

कंपनीचं आधीचं जहाज गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात बुडालं होतं. खालच्या मजल्यावरून वर येणाऱ्या जिन्यांना लोखंडी जाळीची दारं होती आणि ती बाहेरून कुलूपबंद होती. खालची माणसं वर फिरकू नयेत म्हणून. चौकशी झाली. खालच्या प्रवाशांनीच घाबरून गोंधळ घातला, असं ठरलं. म्हणजे बुडाले तेही तेच आणि खापरही त्यांच्याच माथी. कंपनीने खेद व्यक्त केला आणि नवं जहाज बांधायला घेतलं.

त्याच जहाजावर माझ्या धाकट्या बहिणीला नोकरी लागली. खालच्या वर्गातल्या बायकामुलांची देखरेख करायची. आईवडिलांच्या मागे मीच वाढवलेली पोर. बातमी सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता की मी ओठांवर आलेले शब्द गिळले. दुसऱ्या दिवशी मात्र राहवलं नाही.

"जगात दुसरं जहाज नव्हतं का ग?"

"अगं ताई, आता काढल्या असतील जाळ्या. एवढं सगळं झाल्यावर कोण ठेवेल?"

"असतील म्हणे! तू बघितल्यास?"

ती हसली आणि नव्या गणवेशाचं बटण घट्ट करायला बसली.

आम्ही कामाला लागलो त्या सकाळी वरच्या वर्गाच्या टाकीतून फेस उतू जात होता. शेजारच्या टाकीत, लाल दोऱ्याच्या चादरींना, फेस नावाला नाही. नळ तोच, साबणही तोच, आणि वर नुसता करडा तवंग. मी साबणवाल्याला शिव्या दिल्या, टाकी रिकामी केली, पुन्हा भरली. पुन्हा तेच.

आमच्या इस्त्रीवाल्या मावशीने पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारट आहे ग."

"काहीतरीच तुमचं!"

मीही चाखून पाहिलं. खारंच होतं, आणि खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही हे मला कोणी शिकवायला नको. कुठेतरी नळ फुटून समुद्राचं पाणी शिरलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. पण मग शेजारच्या टाकीत का नाही? आणि दुसरं असं, की टाकीतून वाफा निघत होत्या आणि माझं बोट गारठून बधिर झालं होतं. ते मी मावशीला सांगितलं नाही.

जहाजाच्या चादरी आम्ही लॉन्ड्रीच्या माळ्यावर खोल्यांच्या ओळीने वाळत घालतो. तिथे जशा अंथरायच्या, तशाच इथे दोरीवर. म्हणजे तिकडे पोचल्यावर घोळ होत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी माळ्यावर गेले, तर वाळलेल्या प्रत्येक चादरीवर मिठाची एक पांढरी रेघ उमटलेली. एकेक चादर पाहिली तर नुसता डाग. म्हणून मी मागे सरून, माळ्याच्या टोकाशी उभं राहून सगळ्यांकडे एकदम पाहिलं.

रेघ एकच होती. या चादरीवरून त्या चादरीवर, कुठेही न तुटता, ती सरळ पुढे गेली होती. माझ्याजवळच्या चादरींवर अगदी खाली, आणि लांबच्या टोकाला पार वर. तिरकी.

"मेली दोरीच तिरकी बांधली असेल," मावशी म्हणाली.

दोरी सरळ होती. पाणी कधी तिरकं उभं राहत नाही. खोलीच कलली तर तसं दिसतं.

आम्ही त्या चादरी गोड्या पाण्यातून पुन्हा काढल्या. वाळल्यावर रेघ आणखी वर सरकली होती.

मी कंपनीच्या कापडखात्याच्या साहेबाला बोलावून घेतलं. आम्ही त्याला घडीसाहेब म्हणायचो, कारण रुमालापासून बोलण्यापर्यंत त्याचं सगळंच घडी घातलेलं. तो माळ्याच्या टोकाशी आला आणि त्याने पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. म्हणजे त्याला कळलं होतं, यात मला तिळमात्र शंका नाही. मग त्याने रुमाल काढून मान पुसली, पुन्हा घडी घालून खिशात ठेवला.

"वरच्या वर्गाच्या चादरी ठीक आहेत ना?"

"आहेत."

"मग तुमची तक्रार काय आहे?"

मी लांबच्या टोकाच्या रेघेकडे बोट दाखवलं.

"करड्या रंगात बुडवून काढा," तो म्हणाला. "डाग दिसायचा नाही."

"साहेब, जिन्याच्या जाळ्या काढल्या का?"

"नव्या बसवल्या. आता गंजायच्या नाहीत."

"आणि किल्ली?"

"वर असते. त्यांच्याच भल्यासाठी आहे हो सगळं."

असा संताप आला होता की त्याला टाकीत बुचकळून काढावं. पण तो निघून गेला, आणि मी रंग कालवायला सांगितला.

रंगात घालण्याआधी धाकटीला माळ्यावर नेलं. ती ओळीने चालत गेली आणि लांबच्या टोकाला थांबली. तिथे रेघ तिच्या डोक्यावरून गेली होती.

"या माझ्या खोल्या," ती म्हणाली.

"म्हणून तर सांगते. जाऊ नकोस."

"मी नाही गेले तर दुसरी कोणीतरी जाईल. तिला हे ठाऊकही नसेल. मी निदान किल्ली तरी मागून घेईन."

"देतील की, ताटात घालून!"

"मग भांडेन. ताई, त्या बायकांचं तिथे कोण आहे?"

"आणि माझं इथे कोण आहे ग?"

तिने माझा हात धरला. तिची बोटं ऊबदार होती, आणि मला रडू आलं.

जहाज निघायच्या दिवशी सकाळी ती तळघरातल्या आमच्या खोलीत केस विंचरत होती. मी दार ओढून घेतलं आणि बाहेरून कुलूप लावलं. हो, लावलं. तिच्याच भल्यासाठी. आतून तिने एकदा हाक मारली, "ताई?" मी उत्तर दिलं नाही, आणि मग तीही गप्प झाली. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

किल्ली मुठीत धरून मी पायरीवर बसून राहिले. धक्क्यावर बँड वाजला. भोंगा झाला. लोकांनी जल्लोष केला. तिच्या जागी कोणीतरी गेली असेलच, कोणाची तरी धाकटी. तो विचार मी मनातून काढून टाकला. माझी वाचली होती, बस.

दुपार कलेपर्यंत मी तिथून हलले नाही. दारावर एक थापसुद्धा पडली नाही. जिन्याच्या तोंडाशी जाऊन पाहिलं, तर जहाज अजून दिसत होतं. बोटाएवढं, शांत, सरळ.

मी खाली आले आणि कुलूप काढलं.

ती दाराशीच उभी होती. कपडे कोरडे, केस कोरडे, जमीन कोरडी. दोन्ही हातांची बोटं सोलून निघाली होती.

"किती दार वाजवलं ग आम्ही," ती म्हणाली.

"मी इथेच बसले होते. काही ऐकू नाही आलं."

"तसंच म्हणतात."

मी दाराच्या आतल्या बाजूला पाहिलं. रक्ताचे ठसे होते. कमरेपाशी सुरू होऊन ते वर, आणखी वर, थेट चौकटीच्या माथ्यापर्यंत गेले होते. तिथवर तिचा हात पोचत नाही. खोलीत चढायला काही नव्हतं.

काही ठसे लहान मुलांचे होते.

"चल, वर चल," मी कशीबशी म्हणाले आणि तिला धरायला पुढे झाले.

तिने मला हळूच दूर केलं.

"बाजूला हो ना ताई. आधी या बायकामुलांना वर जाऊ दे."

जिना अरुंद होता. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. वाट मोकळी व्हायला खूप वेळ लागला.