तेवीस मिलिमीटर

मी कुपवाडच्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. बावीस वर्षं मोजायचंच काम. एकदा व्हर्नियर हातात घेतला की मला माणसांचं बोलणं ऐकू येत नाही, असं आमच्या हिचं, म्हणजे शरयूचं म्हणणं. खरंही असेल. पुढचं सांगताना आकडे येतील, त्याला माझा इलाज नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत तासगाव रस्त्याला उसानं भरलेली ट्रॉली उभी होती. मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. मी मोटरसायकलसकट तिच्या खाली गेलो. डाव्या मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं. दोन ऑपरेशनं, एक रॉड, नऊ स्क्रू आणि पुढं तीन महिने खाट. उठलो तेव्हा डावा पाय आखूड झाला होता. डॉक्टर म्हणाले, दोन-अडीच सेंटिमीटर. असलं ढगळ माप मला कसं चालणार? घरी शरयूला टेप धरायला लावून तीनदा मोजलं. तेवीस मिलिमीटर. हाड आता वाढायचं नाही, काठी कायमची, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. वय सेहेचाळीस आणि हातात काठी! नोकरी दिवसभर मशीनपाशी उभं राहायची. साहेबांनी दिवाळीपर्यंत जागा राखून ठेवली होती. त्यानंतर मला गेटवरच्या खुर्चीत बसून गाड्यांचे नंबर लिहायचे होते.

फिजिओथेरपीच्या मिस्बाह मॅडमनी सायकल सुचवली. माझी आयटीआयच्या काळातली सायकल माळ्यावर होतीच. पण डावं पेडल खाली गेलं की पाय पोचेना. पेडलला पॅकिंग लागणार होतं, आणि असलं आडनिडं काम करणारा माणूस एकच, सिकंदरभाई. आमच्या कारखान्यामागं त्यांचं वेल्डिंगचं शेड आहे.

शरयूनं मला रिक्षातून उतरवलं. दोन्ही काखांत कुबड्या. मी तोंड उघडायच्या आत सिकंदरभाईंनी फळीवरून एक वस्तू काढून पुढ्यात ठेवली.

“घ्या. कवाचं तयार हाय.”

सागवानी ठोकळा. वर रबर, खाली दोन बोल्ट, डाव्या पेडलला बसेल असा. मी व्हर्नियर लावला. तेवीस पूर्णांक शून्य.

“हे कुणाचं?”

“कुणाचं म्हंजे? तुमचंच की! परवा येऊन माप सांगून गेलासा.”

“सिकंदरभाई, परवा मी खाटेवर होतो.”

“आवं, हितं उकिडवं बसून च्या घेतलासा. चांगलं धडधाकट हुतासा.” त्यांनी कुबड्यांकडं पाहिलं, मग शरयूकडं, आणि पाना शोधायला आत गेले.

“उन्हानं डोकं फिरलंय त्यांचं,” रिक्षात शरयू म्हणाली. आम्ही दोघंही हसलो. ठोकळा मात्र सुरेख होता.

पहिल्या दिवशी चाळीस मीटर. शरयू कॅरिअर धरून मागं पळत होती आणि सगळी गल्ली गॅलरीत उभी राहून बघत होती. “अहो, समोर बघा, माझ्याकडं काय बघताय!” मी लाजलो नाही. सरळ रडलो. आठवड्यानं कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत गेलो. “झालं तर मग, दळण आता तुमच्याकडं,” ती म्हणाली. मे महिन्यात हरिपूरच्या रस्त्यावर, चिंचेच्या सावल्यांतून जाताना वारा शर्टात शिरला आणि मी मोठ्यानं ओरडलो. समोरून येणारा दूधवाला घाबरून बाजूला झाला. काय सांगू, तीन महिने छताचा पंखा बघत पडलेल्या माणसाला वारा स्वतःहून अंगावर घेणं म्हणजे काय असतं!

जुलैत डावा गुडघा फार वर यायला लागला. ठोकळा आता जास्त जाड पडत होता. घरी पाय मोजला. सोळा. पुन्हा मोजला. सोळाच. डॉक्टरांनी नवा एक्स-रे बराच वेळ खिडकीकडं धरला आणि म्हणाले, “मागच्या वेळी माप चुकलं असेल.”

माप चुकलं! माझं!

तणतणतच मी सिकंदरभाईंकडं गेलो. तोवर कुबड्या सुटून हातात काठी आली होती. फळीवर नवा ठोकळा तयार होता. व्हर्नियर लावायची मला भीती वाटली, तरी लावला. सोळा.

“काल सांगून गेलासा न्हवं,” ते म्हणाले. “जरा पाय वडत हुतासा काल. बरं न्हवतं का?”

काल मी घरीच होतो. सोळा हा आकडा मला, शरयूला आणि डॉक्टरांनाच माहीत होता. मी सिकंदरभाईंना एकच सांगितलं. पुढच्या वेळी मी आलो, की मला फोन करा. असल्या वाक्यावर कुणीही हसलं असतं. ते हसले नाहीत.

सप्टेंबरात माप आठावर आलं. काठी दाराआड गेली. मांडी भरत होती, भाकरी तीनवर गेली होती आणि मी दंडोबाचा डोंगर चढायला लागलो होतो. हिरवागार चढ, डबक्यांत आभाळ, चेनचा खर्रर्र आवाज. सकाळचे आठ वाजले असतील. ऐन वळणावर फोन वाजला. मी एक पाय टेकला. डावा. मुद्दाम.

“अवधूतराव,” सिकंदरभाई हळू आवाजात म्हणाले, “तुमी हितं बसलायसा. काठी घेऊन.”

“द्या त्यांना फोन.”

पलीकडं कुणीतरी धापा टाकत होतं. बसलेला माणूस टाकत नाही तशा. चढावरच्या.

मी श्वास धरला.

तिकडचाही थांबला.

मग कुणीतरी हसलं, नाकातून, थोडंसं. मी असा हसतो म्हणून शरयू माझी नक्कल करते. फोन बंद झाला.

मी तडक कुपवाडला जायला हवं होतं. जायलाच हवं होतं. पण पाय असे गरम झाले होते, वरचं देऊळ दिसत होतं, आणि खरं सांगतो, चढ सोडवेना. मी पेडल मारलं. सिकंदरभाईंकडं तो कसा आला, कुठं गेला, आधी धडधाकट होता तो आता काठीवर का आला, हे मी विचारलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी मोजायचं टाळलं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी ठोकळा काढून टाकला. शून्य. पहाटे सांगली सोडली आणि विटामार्गे औंध गाठलं. नव्वदच्या आसपास किलोमीटर. शेवटी यमाईचा डोंगर. शरयू एसटीनं आधीच येऊन वर उभी होती, हातात भाकरी आणि दह्याचा डबा. मला बघून तिनं डबा कठड्यावर ठेवला आणि टाळ्याच वाजवल्या, एकटीनं. मी सायकल लावली आणि काठीविना, न लंगडता तिच्यापर्यंत चालत गेलो. “मेलं, रडवता तुम्ही,” ती म्हणाली. आम्ही देवीला नमस्कार केला आणि भाकरीवर तुटून पडलो. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. तिला तसं सांगितलं, तर तिनं चिमटा काढला.

डोंगरावरचा फोटो मी सगळ्यांना पाठवला. सिकंदरभाईंनाही.

मंगळवारी कामावर रुजू झालो. स्वतःच्या पायांवर आठ तास उभा राहिलो. सुटी झाल्यावर पेढे घेऊन शेडमध्ये गेलो. सिकंदरभाईंनी पेढा हातातच धरून ठेवला.

“काल आलते,” ते म्हणाले. या वेळी ‘तुमी’ म्हणाले नाहीत.

“रिक्षातनं आले. उतरता येईना. मीच जवळ गेलो. ‘औंध चढला का?’ म्हनून इचारलं. मी तुमचा फोटू दावला.”

“मग?”

“लय हसले, अवधूतराव. लय आनंद झाला त्यांस्नी.”

शेडमधलं मशीन कुणीतरी बंद केलं.

“हे ठेवून गेले. आता लागत न्हाई म्हनले.”

कागदात गुंडाळलेली चामड्याची चप्पल होती. डाव्या पायाची. मी बूट काढून पाय घातला. बरोबर बसली.

“आणि उजवी?”

“ती त्यांच्या पायात हाय की.”