दगडोबाकडे ठेवलेल्या गोट्या

"उद्या उरलेलं घर पाडायचं," गवंडीमामा खारूताईला म्हणाला.

डोंगराला पाठ टेकून बसलेलं ते दगडी घर गावाहून जुनं. त्यातल्या वाचनालयात खारूताई, सतत तिच्या मागे असणारा तिचा धाकटा भाऊ शेपूट आणि वाद घालण्यात पटाईत म्हणून 'वकील' नाव पडलेला शेजारचा मुलगा दर सुट्टीत पडीक असत. यंदा येऊन पाहतात तो पूर्वेची खोली नाहीच! तिघं मांडी घालून बसत ती खिडकीही गेली. बाकीच्या भिंतीही ओलीने फुगलेल्या.

"म्हातारं झालं घर," मामा म्हणाला.

"एका वर्षात?" वकील कुजबुजला. "संशयास्पद आहे."

"माझी हिरवी गोटी पण गेली," शेपूट मुसमुसला. "भोकातली."

खारूताई थबकली. घराच्या जोत्यात मुठीएवढी भोकं होती. त्यांत गोट्या लपवताना तिघं म्हणत,

दगडोबा, दगडोबा, गोटी माझी राख,
उद्या येईन मागायला, ओळख माझी हाक.

गोटी काढताना हात नेहमी ओला व्हायचा. आता भोकंच नव्हती. मामाने डागडुजीत सिमेंट भरून जोतं गुळगुळीत केलं होतं. मग डोंगराचं पाणी जात कुठे होतं?

"वकीलसाहेब, मामाला बोलण्यात गुंतवा."

"आपला धंदाच तो."

पुढे वाद रंगला, मागे मामाचीच छिन्नी चालली. जागा शेपूटने दाखवली. गोटीची जागा तो कशी विसरेल? सिमेंटचा टवका उडाला आणि पाण्याची चिळकांडी खारूताईच्या तोंडावर! पाठोपाठ हिरवी गोटी.

आवाजाने मामा धावत आला. रागवायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. पाणी वाहतच होतं.

"भोकं मीच बुजवली गं," तो खाली बसत म्हणाला. "नीटनेटकं दिसावं म्हणून. पाणी कोंडलं, ते भिंतीत चढलं."

पाडकाम थांबलं. वाचनालयाच्या मावशींनी तिघांची पाठ थोपटली. "पोरांनो, घर वाचवलंत."

सगळं नाही, खारूताईच्या मनात आलं. तिची निळी गोटी पूर्वेच्या खोलीखाली होती. सपाट केलेल्या जागेवर ती उभी राहिली. मामाही मागे येऊन उभा राहिला.

"खिडकीचे दगड कुठे आहेत, मामा?"

"फोडून खडी केली, बाळा."

तिने वाकून सपाट जमिनीवर हात टेकला. मग हळूच म्हणाली, "दगडोबा, दगडोबा..."

हाक ओळखणारं तिथे कुणी उरलं नव्हतं.