कॅप्टन थॉर्नलीची यादी

तुरीची डाळ आणायला म्हणून अण्णाजी त्या रविवारी नाचणगावला गेले होते. ओमप्रकाश शेटच्या दुकानातून डाळ घ्यायची, चहा प्यायचा आणि दुपारच्या एस.टी.नं वर्ध्याला परतायचं, एवढाच दर उन्हाळ्यातला कार्यक्रम. पण एकोणऐंशी सालच्या त्या मे महिन्यात शेटनं डाळीच्या पोत्यावर एक जाडजूड वही आणून ठेवली. कापूस कंपनीच्या पडक्या बंगल्यातलं भंगार त्यानं उचललं होतं, त्यात ती निघाली होती.

"तुमाले इंग्रजी येते, अण्णाजी. वाचून सांगजा, काय हाय थे."

वहीला चामड्याची बांधणी होती आणि आत तपकिरी शाईतलं बारीक इंग्रजी. जुन्या कागदाला कुबट वास येतो हे अण्णाजींना ठाऊक होतं, सारा जन्म त्यांनी फायलींतच काढला होता. या वहीचा वास वेगळा होता. डांबराचा, आणि ओल्या मिठाचा. अण्णाजींनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता, त्यामुळे हा जहाजाचा वास आहे हे त्यांना कळलं नाही.

घरी निवांतपणा कुठला? ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, वाळ्याच्या ताट्यांच्या गारव्यात ते वही वाचू लागले. दोनशे वर्षांपूर्वीचा हा एडमंड थॉर्नली तेराव्या वर्षी आरमारात लागलेला. तोफा, तुफानं, पिवळा ताप, सगळ्यांतून वाचून अठ्ठाविसाव्या वर्षी कॅप्टन झाला. त्यापुढे मात्र पराक्रमाचं काही चालत नव्हतं. कॅप्टनांची एक यादी होती. वरचा मेला की खालचे एकेक पायरी चढायचे, आणि असं चढत चढत ॲडमिरल व्हायचं.

अण्णाजी खुदकन हसले. म्हणजे सेवाज्येष्ठता यादीच की! ऑफिसातली नऊ कारकुनांची यादी त्यांच्याच टेबलात असायची. पहिला चंद्रभान, दुसरा रूपराव, तिसरे अण्णाजी, आणि अगदी तळाला, नववा, त्यांचा धाकटा भाऊ प्रेमदास. आईबापामागं अण्णाजींनी त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला होता आणि साहेबांच्या हातापाया पडून इथं चिकटवला होता. जुलैत हेडक्लार्कची एकच जागा रिकामी होणार होती. ती आपल्याला मिळावी असं अण्णाजींना फार वाटायचं, खोटं कशाला बोला.

वहीत खूण म्हणून त्यांनी तीच यादी घालून ठेवली. हाताशी दुसरा कागद नव्हता.

गुरुवारी यादी उघडली तेव्हा चंद्रभानच्या नावावर तपकिरी रेघ होती. कागद ओलसर लागला. पाणी प्यायला आलेल्या रूपरावनं एखादा शिंतोडा उडवला असेल म्हणून अण्णाजींनी बोट जिभेला लावलं. खारट होतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी चंद्रभान सगळ्यांना स्वप्न सांगत होता. "पाणीच पाणी, बा. अन् एक गोरा साहेब हजेरी घेऊन राह्यला. माह्यं नाव घेतलं, तं मी हाजिर म्हणून देल्लं."

"स्वप्नात तरी टायमावर हजर राह्यला," रूपराव म्हणाला, आणि सगळे हसले.

रेघेपासून सहाव्या दिवशी आर्वी रोडवर चंद्रभानला ऊन लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला.

मग मात्र अण्णाजी वहीचं पुढचं पान वाचू लागले. थॉर्नलीनंही आपल्यावरच्या नावांची यादी ठेवली होती आणि नावांवर रेघा होत्या. शेजारी रेघेची तारीख, त्याखाली मरणाची. रेघ दर वेळी मरणाच्या सहा दिवस आधीची होती. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'रेघ मी ओढत नाही. सकाळी ती ओढलेली असते.' आणि शेवटच्या पानावर, म्हाताऱ्या ॲडमिरलच्या थरथरत्या अक्षरात, 'आता माझ्या वर कोणी उरले नाही. यादी ठेवणारा दुसरी यादी मागतो आहे.'

ती आपणच नेऊन दिली, हे अण्णाजींना कळलं. आता वर एकटा रूपराव उरला होता. वीस वर्षं ज्याच्या डब्यातली चटणी खाल्ली तो रूपराव.

वही त्यांनी धाम नदीच्या डोहात टाकली, यादी चुलीत घातली. तरी रोज सकाळी ऑफिसात आल्याबरोबर ते विचारायचे, "झोप लागली का, रूपराव? स्वप्नगिप्न…?"

"तुले काऊन पडली माह्या स्वप्नाची?"

काय सांगणार? शेवटी अण्णाजींनी कारकुनी डोकं चालवलं. जे काही आहे ते आपल्याला वर चढवण्यासाठी माणसं उचलतंय. आपल्याला वर चढायचंच नसेल, तर त्याला कामच उरणार नाही. त्यांनी कोरा कागद घेतला आणि पदोन्नती नाकारल्याचा अर्ज लिहून साहेबांकडे दिला. सही करताना डोळ्यांत पाणी आलं, तरी मन हलकं झालं.

"वेडा झाला काय तू?" रूपराव म्हणाला. "लोकं देवाले नवस करून राह्यले या जागेसाठी."

"मले नाई पाह्यजे. तू हो."

आठवडा गेला. रूपराव ठणठणीत होता, स्वप्न नाही की काही नाही. अण्णाजींना कित्येक दिवसांनी भूक लागली.

सोमवारी दुपारी प्रेमदास सायक्लोस्टाइल मशीनवरून नवी यादी काढून घेऊन आला. बोटं शाईनं काळी झालेली, चेहरा हसरा.

"भाऊ, पाहा. मी तुमच्या वर आलो."

अण्णाजींनी कागद घेतला. आता आठच नावं होती. पहिला रूपराव. सातवा प्रेमदास. आठवे, तळाला, अण्णाजी. पदोन्नती नाकारणाऱ्याचं नाव यादीच्या शेवटी जातं, हा नियम पंधरा वर्षं तेच दुसऱ्यांना वाचून दाखवत आले होते. रूपरावला वाचवायच्या नादात त्यांना तो आठवलाच नाही. आता सगळेच त्यांच्या वर होते.

ते तसेच साहेबांच्या खोलीत शिरले.

"साहेब, माहा अर्ज वापस द्या. मले नाई नाकारायचं."

"आता कसा देऊ? मंजूर होऊन वर गेला तो," साहेब म्हणाले. "वर्षभर काही करता येत नाही. नियम तुम्हालाच माहीत आहेत, अण्णाजी."

ते परत आले तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. हॉल रिकामा होता. ताट्या कोरड्या पडल्या होत्या, बाहेर रस्त्यावर उन्हाची लू वाहत होती, आणि खोलीभर डांबराचा वास दाटला होता. प्रेमदास त्यांच्याच टेबलावर डोकं ठेवून झोपला होता. हाताखाली यादी होती.

"प्रेमदास…"

त्यानं डोळे उघडले. थोडा वेळ त्याला आपण कुठे आहोत हे उमगेना.

"डोळा लागला, भाऊ. लय पाणी दिसलं… एवढं पाणी म्या कधी पाह्यलंच नाई."

"अन्?" अण्णाजींनी विचारलं. "अजून काय दिसलं?"

"कोणीतरी हजेरी घेऊन राह्यलं होतं." प्रेमदासनं बाहीनं तोंड पुसलं आणि चमकून बाहीकडे पाहिलं. ती कोपरापर्यंत ओली होती, तिच्यातून टेबलावर थेंब पडत होते.

"माह्यं नाव पुकारलं, भाऊ. मी 'हो' म्हणून देल्लं."