आनंदाचा अभिषेक

एकतीस वर्षं मी रेल्वेत गार्ड होतो. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण मी गार्ड म्हणूनच रिटायर झालो. गाडी किती वाजता सुटली, कुठे किती मिनिटं थांबली, का थांबली, हे लिहून ठेवणं हेच काम. सवय गेली नाही. म्हणून गेल्या फेब्रुवारीत आमच्या मंडळीत जे घडलं, त्याच्या वेळा माझ्या वहीत आहेत. कारणाचा रकाना मात्र कोरा आहे.

आमचं प्रार्थनागृह पूर्णेत, रेल्वे क्वार्टर्सच्या मागच्या बाजूला आहे. पत्र्याचं छत, निळ्या भिंती, सहा पंखे, त्यातले चार चालू. रविवारी साठेक माणसं येतात. रेल्वेतले आहेत, हळद काढायला मजुरीनं जाणाऱ्या बाया आहेत, चौकात इस्त्रीची गाडी लावणारा गोपीचंद आहे. गोपीचंद जन्मापासून बहिरा. गाणी चालू असली की तो ढोलकीच्या लाकडावर तळवा ठेवून बसतो आणि मान डोलावतो. कधी ठेका चुकला तर ढोलकीवाल्याकडे डोळे वटारून बघतो. त्यावर सगळे हसतात. आमची मंडळी तशी हसरीच.

दरवर्षी आम्ही कापणीचा सण करतो. ज्वारीची कणसं, भोपळे, तुरीच्या शेंगा, एखादी पाय बांधलेली कोंबडी असं सगळं वेदीसमोर येतं आणि नंतर अंगणात पंगत बसते. यंदा सणाच्या आधीचे आठ दिवस सभा घ्यायला पाळक योगीराज यांनी नगरकडून सिस्टर निकिताला बोलावलं. बत्तीस-तेहतीस वर्षांची बाई, पायात स्पोर्ट शूज, आणि आवाज असा की मागच्या बाकावरच्यालाही वाटावं, ही माझ्याशीच बोलते आहे.

पहिल्या रविवारी ती म्हणाली, "आज आनंदाचा अभिषेक घेऊ. डोळे मिटा. सगळ्यांनी एकत्र श्वास घ्या. आता मन रिकामं करा. काही ठेवू नका, प्रार्थनासुद्धा नको. दार उघडं ठेवा, बस."

अकरा वाजून चौदा मिनिटांनी लक्ष्मीबाई हसली.

लक्ष्मीबाईचा मुलगा चार वर्षांपूर्वी गोदावरीत बुडाला. तेव्हापासून तिच्या तोंडावर हसू कुणी पाहिलं नव्हतं. ती आधी खुदकन हसली, मग पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. तिच्या शेजारची हसायला लागली. मग पुढचा बाक, मग मागचा. मला वाटलं मी हसणार नाही. पण बरगड्यांत काहीतरी मऊ फिरल्यासारखं झालं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी हसलो. माझी बायको धम्मशीला माझा दंड धरून हसत होती. आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली, ती इतकी मोकळी हसलेली मला आठवत नाही.

त्या दिवशी सगळे एकमेकांना भेटून घरी गेले. कुणीतरी जिलब्या आणल्या. वाटणीवरून सहा वर्षं न बोललेले दोन भाऊ एका गाडीवर बसून गेले. हे मी मुद्दाम लिहितो आहे. तो आनंद खोटा नव्हता. मी स्वतः तो चाखला आहे.

मंगळवारी मी एक गोष्ट पाहिली. माणसं हसताना एकेक करून थांबतात. कुणी आधी दमतं, कुणाला उचकी लागते, कुणी शेवटपर्यंत खुदखुदत राहतं. त्या संध्याकाळी सहा वाजून दोन मिनिटांनी चाळीस माणसं एका क्षणी थांबली. ब्रेक लावल्यावर सगळे डबे एकदम थांबावेत, तशी.

मी डोळे उघडले. बाकीच्यांचे मिटलेले होते. गोपीचंदचेही. त्याचा हात ढोलकीवर नव्हता, मांडीवर होता. पुन्हा हसणं सुरू झालं, तेव्हा तो सगळ्यांच्या बरोबरीनं हसला. अर्धा श्वास मागे नाही, पुढे नाही.

त्यानंतर मी सभेत डोळे मिटले नाहीत.

गुरुवारी दुपारी मी घरी पेपर वाचत होतो. धम्मशीला आत मेथी निवडत होती. ती हसायला लागली. मला वाटलं फोनवर असेल. मी आत गेलो. फोन खिडकीत होता. ती मेथीची काडी हातात धरून भिंतीकडे बघत एका ठेक्यात हसत होती. दोन छोटे, एक लांब. पुन्हा दोन छोटे, एक लांब. मग थांबली आणि काडी मोडली.

"काय झालं गं?"

"कुठं काय?"

"हसत होतीस."

"मी?" ती म्हणाली. "मेथी निवडायलेय की."

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मी चप्पल घालून दहा मिनिटांवरच्या चौकात गेलो. गोपीचंदच्या गाडीवर एका पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी डाग पडला होता आणि गिऱ्हाईक तणतणत होतं. शेजारचा चहावाला मला म्हणाला, "काका, आता दा मिंटं झाली आसतील. ह्यो इस्त्री तशीच ठिवून हसायलाय म्हणल्यावर जळणारच की!"

मी तिथूनच पाळकांकडे गेलो. योगीराज सावध माणूस. प्रत्येक शब्द दोनदा तोलून बोलणारे. त्यांनी माझी वही वाचली.

"भागवतराव, पहिल्या दिवसापासून मला एक गोष्ट खटकते आहे," ते म्हणाले. "आपण मन भरायला शिकवतो. वचनानं, गाण्यानं, प्रार्थनेनं. ही रिकामं करा म्हणते. दार उघडं ठेवा म्हणते. कुणासाठी, ते सांगत नाही."

"मग थांबवा."

"लक्ष्मीबाई हसली हो. चार वर्षांनी. मी कोणत्या तोंडानं थांबवू?"

त्यांनी निकिताला बोलावून विचारलं. ती गोंधळली. "इतर ठिकाणी पाच-दहा मिनिटं चालतं, पास्टर," ती म्हणाली. "इथं जरा जास्तच आशीर्वाद आहे." पण हे बोलताना ती दोन्ही हातांनी पाण्याचा ग्लास धरून बसली होती आणि पाणी पीत नव्हती. रविवारी शेवटची सभा घेऊ आणि थांबू, असं ठरलं.

रविवारी सणाची उपासना दहाला सुरू झाली. वेदीसमोर ज्वारीच्या पेंढ्या, भोपळे, हळदीचे ओले कंद. अंगणात चुलाणावर गव्हाची खीर रटरटत होती, वेलदोड्याचा वास थेट आत येत होता. लहान मुलं कोंबडीभोवती जमलेली. इतकी सुंदर सकाळ, की मलाच माझ्या वहीची लाज वाटली.

निकितानं कुणाला डोळे मिटायला सांगितलंच नाही. ती फक्त "प्रभूची स्तुती असो" म्हणाली, आणि दहा बावन्नला हसणं सुरू झालं.

दोन छोटे, एक लांब. साठ माणसं.

अकरा वाजले. अकरा दहा. बायांचे पदर घामानं ओले झाले. लक्ष्मीबाई बाकावरून घसरली, तिचं कपाळ बाकाच्या कडेला लागलं, रक्त भुवईपर्यंत आलं, आणि ती हसतच राहिली. पाळकांनी मोठ्यांदा प्रार्थना सुरू केली. तिसऱ्या वाक्याला त्यांचा आवाज तुटला आणि तेही हसू लागले. निकिता व्यासपीठाची कड धरून उभी होती. तिचं तोंड हसत होतं. डोळे माझ्याकडे बघून नाही-नाही करत होते.

मी धम्मशीलाचे खांदे धरून हलवत होतो, तेव्हा दारात नर्मदाबाई आली.

नर्मदाबाई शेळ्या राखते. मूळची बोरीकडची. बाप्तिस्मा घेण्याआधी तिच्या अंगात वारं यायचं. लांबलांबून लोक तिला विचारायला यायचे. अकरा वर्षांपूर्वी ते सोडून ती आमच्यात आली. हे आठ दिवस ती लेकीच्या बाळंतपणासाठी बोरीला होती, त्या दिवशी सकाळच्या बसनं परत आली. डोक्यावर कणसांची पाटी होती. ती दारातच थांबली, आत पाऊल टाकेना.

"कवापासून चाललंय हे?" तिनं मला विचारलं.

"आठ दिवस."

तिनं पाटी खाली ठेवली आणि कान देऊन ऐकलं. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला मी भीती म्हणणार नाही. स्टेशनवर फार वर्षांनी माहेरचं कुणी दिसावं, तसं काहीतरी होतं.

"ही मानसं न्हाईत हसायली, दादा," ती म्हणाली. "ती हसायलीय."

"कोण?"

"माझी पाव्हणी. बावीस वर्षं हुती माझ्यात. लोकं तिला देवी म्हणायचे. देवी न्हवती ती. कोन हुती, मला बी कधी कळलं न्हाई." तिनं डोक्यावरची चुंबळ काढून कमरेला खोचली. "मी पाण्यात उतरले, तवा ती गेली. पर कुटं गेली, ते कुनी इचारलंच न्हाई. म्या बी न्हाई."

तिनं चपला काढल्या आणि मधल्या वाटेनं चालत गेली. वेदीजवळ जाऊन तिनं आधी हात जोडले. मग वळली.

"बास झालं," ती म्हणाली. ओरडली नाही. उशीर झालेल्या पोरीला हाक मारावी, तशी बोलली. "लेकरं दमलीत. ये हिकडं."

हसणं थांबलं.

चार पंख्यांचा आवाज ऐकू आला. बाहेर खिरीत कुणीतरी डाव फिरवत होतं.

मग नर्मदाबाई एकटीच हसली. दोन छोटे, एक लांब. तिनं तोंड मिटलं आणि छातीवरून हात फिरवला.

अकरा एकोणीस.

त्यानंतर जे झालं, ते मला अजून आठवतं आणि बरं वाटतं. लोक रडले, एकमेकांच्या गळ्यात पडले. धम्मशीलानं लक्ष्मीबाईचं कपाळ पुसून पट्टी बांधली, आणि लक्ष्मीबाई म्हणाली, "लागू दे गं. हलकं वाटायलंय." ते हलकेपण तिचंच होतं, आजही आहे. निकिता नर्मदाबाईच्या पायाशी बसून ओक्साबोक्शी रडली, आणि नर्मदाबाईनं तिला उठवून आपल्या पदरानं तिचं नाक पुसलं. कुणी न सांगता ढोलकी सुरू झाली. आम्ही कापणीचं गाणं म्हटलं, सगळी कडवी, पहिलं पुन्हा एकदा. सगळे आपापल्या आवाजात, कुणी बेसूर, कुणी पुढे, कुणी मागे. मला ते फार गोड वाटलं.

पंगतीच्या आधी मी आणि पाळक नर्मदाबाईजवळ गेलो.

"गेली का ती?" पाळकांनी विचारलं.

"जाईल कुटं? उपाशी हाय. जेवान झाल्यावर संगं घिऊन जाते."

"नर्मदाबाई, आपण प्रार्थना करू. तुम्ही परत हे घेऊ नका."

"करा की, रोज करा. मला बळ लागंल," ती म्हणाली. "पर ह्या साठ जणाला ती सोसायची न्हाई. मला सवय हाय." आणि ती हसली. तिचं नेहमीचं, दात पडलेलं हसू. मी नीट ऐकलं. तिचंच होतं.

अंगणात उन्हाला मांडव होता. पत्रावळ्या पडल्या. पोरं भात वाढत पळत होती, कुणीतरी कोंबडी सोडून दिली होती, तिच्यामागे अर्धी पंगत उठली आणि हसत परत बसली. नर्मदाबाई कडेला बसली, तिच्याशेजारी गोपीचंद. थोड्या वेळानं गोपीचंद नर्मदाबाईकडे न बघता हातभर सरकला. त्याच्या पलीकडचाही सरकला. मधल्या जागेत कुणीतरी पत्रावळ ठेवली.

धम्मशीला खिरीची बादली घेऊन रांगेतून येत होती. घामेजलेली, खुशीत, प्रत्येकाला आग्रह करत. नर्मदाबाईला वाढून ती त्या रिकाम्या जागेपुढच्या पत्रावळीवर वाकली.

"अजून वाढू का?"

ती थांबली. हळू बोलणाऱ्यापुढे ती मान जरा तिरकी करते, तशी केली.

"बरं बाई, अर्धाच," ती म्हणाली, आणि अर्धा डाव वाढून पुढे गेली.